तीन तलवारी, तीन अटी : सुट्टीत कुठलीच्या मागं लागावं?

दिवाळीच्या सुट्टीला भाचा इचलकरंजीहून आमच्याकडं शिवाजी पेठेत येतो. यंदा आल्या आल्या त्यानं पायातल्या चपला काढायच्या आधीच विचारलं, "मामा, तिन्ही गेम हायत माझ्याकडं. तिन्हीत एकेक नावाजलेली तलवार हाय. सुट्टीत एकच हुईल. कुठली घेऊ?"

वीस दिवस, आणि त्याच्या आईनं मंजूर केलेले रोजचे दोन तास, म्हणजे हातात चाळीस तास. हा हिशोब मांडल्यावर प्रश्न सोपा होतो. कुठली तलवार सगळ्यात भारी, यावर रंकाळ्याच्या कठड्यावर बसून रात्रभर वाद घालता येईल. पण ठरवायचं असेल तर तलवारीचा वार बघू नका, तिची अट बघा. ती अट आपल्याकडं नेमकं काय मागते, ते आपल्याला द्यायला आवडेल का, आणि सांगितलेल्या वेळात देता येईल का, एवढंच तपासायचं.

तिन्ही तलवारी मी मिळवल्या आहेत. खाली जे तास दिलेत ते माझ्या हाताचे आहेत. तुमचे थोडे कमी-जास्त होतील.

मास्टर स्वोर्ड : तेरा हृदयं

झेल्डा मालिकेतल्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये (२०१७) ही तलवार कोरोक जंगलात दगडात रोवलेली असते. तिथवर जायला धुक्यातलं हरवलेलं रान ओलांडावं लागतं. सुरुवातीला मशालींच्या रांगेमागं जायचं, पुढं आपल्या हातातल्या मशालीच्या ठिणग्या ज्या दिशेला उडतात तिकडं पाय टाकायचा. हे जमलं की तलवार समोर असते. अडवायला राक्षस नाही, कुलूप नाही. मूठ धरून ओढायची. ओढताना तुमची हृदयं, म्हणजे किती जीव उरलाय ते दाखवणारी चिन्हं, एकेक करून रिकामी होत जातात. तेरा पुरी असतील तर तलवार निघते, बारा असतील तर निघत नाही. काही पदार्थ खाऊन जी पिवळी जादा हृदयं मिळतात ती इथं धरत नाहीत.

सुरुवातीला तीन हृदयं असतात, म्हणजे दहा कमवायची. चार मंदिरं, म्हणजे कोड्यांच्या छोट्या जागा, पूर्ण केली की एक हृदय किंवा स्टॅमिनाचा (दमाचा) एक तुकडा पदरात पडतो. सगळं मंदिरांतून करायचं म्हटलं तर चाळीस मंदिरं होतात. पण चार दैवी पशूंपैकी (हे प्रचंड यंत्रप्राणी) प्रत्येकाला सोडवल्यावर एक पूर्ण हृदय मिळतं. चौघांना सोडवलं तर सहाच हृदयं मंदिरांतून काढायची राहतात, म्हणजे चोवीस मंदिरं. नकाशावर एकूण १२० मंदिरं आहेत, त्यामुळं अवघड वाटलेलं खुशाल सोडून पुढच्याकडं जाता येतं.

या अटीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ती तुमच्याकडून वेगळं असं काहीच करून घेत नाही. खेळायचं तसं खेळत राहा, डोंगर चढा, दिसलं मंदिर की आत शिरा, हृदयं आपोआप साठत जातात. रोज दोन तासांत चार-पाच मंदिरं सहज होतात. प्रवास धरून मला सत्तावीस-अठ्ठावीस तास लागले. आणि चुकीला इथं माफी आहे. हौसेनं सगळं स्टॅमिनात घातलं असेल तर हेतेनो गावाजवळ एक शिंगांची मूर्ती आहे. ती हृदय किंवा स्टॅमिना १०० रुपीला (रुपी हा खेळातला पैसा) विकत घेते आणि १२० रुपीला दुसरं देते. दर अदलाबदलीला वीस रुपीचा तोटा सोसला की जुना निर्णय फिरवता येतो.

ही अट नवी नाही. १९८६ च्या पहिल्या झेल्डातही पांढऱ्या तलवारीला पाच हृदयं आणि जादूच्या तलवारीला बारा हृदयं लागायची, त्याशिवाय म्हातारा ती हातात देत नसे. पुढच्या 'टीअर्स ऑफ द किंगडम'मध्ये (२०२३) हृदयांऐवजी स्टॅमिनाची दोन पूर्ण चाकं लागतात आणि तलवार आभाळात फिरणाऱ्या प्रकाश-ड्रॅगनच्या डोक्यात रोवलेली असते. तिथं पाच तुकडे, म्हणजे वीस मंदिरं. आकड्यानं स्वस्त, पण तो ड्रॅगन गाठणं हा वेगळाच उद्योग आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे नंतर हिरमोड होणार नाही. मास्टर स्वोर्डचा मूळ वार ३० चा. गार्डियन यंत्रांसमोर आणि दैवी पशूंच्या पोटात ती उजळते आणि ६० चा वार करते. ती मोडत नाही, पण तिची ताकद संपते आणि दहा मिनिटं थांबावं लागतं. कायमची ६० ची करायची असेल तर वेगळा विकत घ्यायचा भाग आणि त्यातली अनेक मजल्यांची लांब परीक्षा आहे. सुट्टीच्या हिशोबात ती धरू नका.

डार्क मून ग्रेटस्वोर्ड : हातात येते, पण

'एल्डन रिंग'मधली (२०२२) ही निळी, चांदण्यासारखी चमकणारी मोठी तलवार मला तिघींत सर्वांत देखणी वाटते. हिला दोन अटी आहेत, आणि लोक पहिलीच मोजतात.

पहिली अट रानी नावाच्या चेटकिणीनं दिलेल्या कामगिरीची. कॅरिया मॅनरमध्ये लोरेटाला हरवून पलीकडं जायचं, मनोऱ्यात रानीला भेटून तिची चाकरी पत्करायची. मग राडानला मारायचं, कारण तो मेल्याशिवाय आभाळातला तारा पडत नाही आणि नोक्रॉन या भूमिगत शहराची वाट उघडत नाही. तिथून बोटं कापणारं पातं आणून रानीला द्यायचं. पुढं एन्सेल नदी, बाहुलीतल्या रानीशी पुन्हापुन्हा बोलणं, राया लुकारियाच्या ग्रंथालयातल्या पेटीतून अंगठी, कुजलेल्या पाण्याचं तळं, आणि त्याच्या पलीकडं एस्टेल. एस्टेल मेला की वर चांदण्याच्या पठारावर जाता येतं. तिथल्या कॅथेड्रलखाली रानीच्या बोटात अंगठी घातली की तलवार मिळते. गेम यातलं बरंचसं सरळ सांगत नाही. बाहुलीशी एकदा नाही, तीन-चारदा बोलावं लागतं, हे कुणी सांगितल्याशिवाय सुचणं कठीण.

दुसरी अट आकड्यांची : ताकद १६, चपळाई ११, बुद्धी ३८. आणि इथं गोची आहे. आकडे कमी असले तरी तलवार मिळते आणि हातात धरताही येते. फक्त वार बऱ्याच कमी जोराचा होतो आणि तिची खरी चांदण्याची लाट सुटत नाही.

लहानपणी मी पेठेतल्या तालमीत मर्दानी खेळ शिकायला जायचो. पहिले कित्येक महिने फक्त लाठी. एकदा वस्ताद बाहेर गेलेले बघून मी भिंतीवरचा दांडपट्टा उतरवून हातात घातला. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते. मनगट वळतच नाही, अख्खा हात खांद्यातून फिरवावा लागतो आणि त्याला पायाची साथ लागते. माझे पाय तयार नव्हते. पट्टा हातात होता, आणि त्याचा मला काही उपयोग नव्हता. बुद्धी ३८ ची अट मला अगदी तशी वाटते. झेल्डा तुम्ही तयार होईपर्यंत तलवार देतच नाही. एल्डन रिंग देतो आणि तयारी तुमच्यावर सोडतो.

म्हणून ही तलवार घ्यायची असेल तर निर्णय पहिल्या मिनिटालाच घ्यावा लागतो. अॅस्ट्रॉलॉजर हे पात्र निवडलं तर सुरुवात सहाव्या लेव्हलला, बुद्धी १६, ताकद ८, चपळाई १२. म्हणजे बुद्धीचे बावीस आणि ताकदीचे आठ, एकूण तीस लेव्हल फक्त पात्रतेसाठी. यात एक सवलत आहे : दोन्ही हातांनी धरलं की ताकद दीडपट मोजतात, त्यामुळं ताकद ११ केली तरी १६ ची अट भागते. आठाचे तीन झाले. व्हॅगाबॉन्ड हे पात्र घेऊन निघालात तर बुद्धी ९ पासून वर चढवायची आहे, एकोणतीस लेव्हल. अर्ध्या वाटेत मन बदललं तर राया लुकारियातल्या रेनालाला हरवून, तिला लार्व्हल टिअर नावाची वस्तू देऊन आकडे नव्यानं वाटता येतात. ही सोय लक्षात ठेवा, तिनं माझे दोन आठवडे वाचवले.

मला पहिल्यांदा पंचावन्न तास लागले, त्यातले सहा एकट्या राडानवर. चाळीस तासांत हे बसवायचं तर वाट माहीत असायला हवी, आणि रोज दोन तास खेळून रात्री हरून झोपायची तयारी हवी. भाच्याला मी हे स्पष्ट सांगितलं. सगळीच नऊ पौराणिक शस्त्रं गोळा करायचा नाद असेल तर आणखी एक सावधगिरी : बोल्ट ऑफ ग्रॅन्सॅक्स हा भाला लेन्डेल शहर राखेत जायच्या आधी उचलला नाही तर त्या खेळीत पुन्हा मिळत नाही.

एरॉनडाइट : वागणूक

'द विचर ३'च्या 'ब्लड अँड वाइन' या जोडभागात (२०१६) सरोवराची देवी ही चांदीची तलवार देते. तिची अट पाच गुणांची : शौर्य, करुणा, सन्मान, शहाणपण, औदार्य. हे गुण टूसाँ या प्रदेशाच्या वाटेवर घेतलेल्या निर्णयांतून सिद्ध होतात. रिंगणात शेलमार या राक्षसी जनावराला जिवंत सोडलं तर करुणा पूर्ण होते. पाचही झाले की सरोवराकाठच्या साधूशी लढाई, मग तलवार. लढताना वार लागत गेले की तिचं बळ वाढत जातं, आपल्याला मार बसला की उतरतं. अटीसारखंच तिचं वागणं आहे.

वेळेचा प्रश्न इथं सरळ आहे. हा भाग साधारण चौतिसाव्या लेव्हलला खेळायचा. मूळ गेम संपलेला असेल तर दहा-बारा तासांत काम होतं आणि तिघींत हीच सर्वांत स्वस्त. मूळ गेम हातात नवा असेल तर ही सुट्टी सोडाच, उन्हाळ्याची पण पुरणार नाही. भाच्याचा जेराल्ट (विचरचा नायक) अकराव्या लेव्हलला होता. विषय तिथंच मिटला.

ज्या अटींपासून लांब राहावं

'फायनल फँटसी १२'च्या मूळ आवृत्तीत (२००६) झोडिअॅक भाला मिळवायला चार ठरावीक पेट्या न उघडणं ही अट होती. गेम ती कुठंच सांगत नाही. पहिली पेटी सुरुवातीच्याच शहरात, ओल्ड डॅलन नावाच्या म्हाताऱ्याच्या दारात आहे, आणि पेटी दिसली की उघडायची हेच तर अशा खेळांनी आपल्याला शिकवलेलं. साठ तासांनंतर कळतं की पहिल्या दोन तासांतच संधी गेली. याला मी अट मानत नाही. अट माहीत असली पाहिजे, तरच ती पूर्ण करण्यात मान आहे. २०१७ च्या नव्या आवृत्तीत ती अट राहिली नाही, हे योग्य झालं.

नवव्या भागातल्या एक्सकॅलिबर दोनला बारा तासांच्या आत शेवटच्या टप्प्यावर पोचायचं असतं, तर दहाव्यात लुलूच्या शस्त्रासाठी सलग दोनशे विजा चुकवायच्या. दोन्ही अटी उघड आहेत, प्रामाणिक आहेत. पण एकात गोष्ट वाचायला वेळ उरत नाही आणि दुसरीत बोटं दुखतात. पहिल्यांदा खेळणाऱ्यानं दोन्ही सोडाव्यात.

मग घ्यायचं काय

यंत्राचाही विचार करा. झेल्डा निन्टेंडोच्याच यंत्रावर चालतो. एल्डन रिंग पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर आहे. विचर जवळजवळ सगळीकडं. आमच्याकडं परतीच्या पावसात वीज गेली की टीव्हीवरचा खेळ जागीच थांबतो, पण हातात धरून खेळायच्या निन्टेंडो स्विचवर भाचा माळ्यावर बसून मंदिरं उरकत असतो.

माझं मत असं. रोज थोडा वेळ आहे, गेम नवा आहे आणि मधेच कुणी हाक मारली तर उठावं लागतं, तर मास्टर स्वोर्ड. विचरचा मूळ गेम आधीच संपवलेला असेल तर विचार न करता एरॉनडाइट. डार्क मून तेव्हाच, जेव्हा पुढचे दोन महिने मोकळे आहेत आणि पहिल्या लेव्हलपासून बुद्धी वाढवायचं ठरलेलं आहे. ती घाईत घेतली तर हातात राहते, चालत नाही.

भाच्यानं झेल्डा धरला. आज बारावा दिवस. चोवीस मंदिरं आणि दोन दैवी पशू झालेत, नऊ हृदयं आहेत, आणि माझं न ऐकता दोन तुकडे स्टॅमिनात घातलेत. उद्या तो हेतेनोच्या मूर्तीकडं जाऊन ते फिरवणार, म्हणजे अकरा होतील. उरलेल्या दोनसाठी आठ मंदिरं किंवा राहिलेले दोन पशू. तो मंदिरं म्हणतोय, मी पशू म्हणतोय. जेवणं झाली की ठरवू.