तालीम की कराटे-ज्यूदोचा क्लास? आंबलेल्या अंगाचा हिशोब

तिशीच्या आसपासचा, दिवसभर बसून काम करणारा माणूस लातूर, बीड, परभणीकडे लढत शिकायला निघाला की त्याच्यासमोर साधारण दोन ठिकाणं असतात. एक गावातली तालीम. दुसरं म्हणजे शाळेच्या हॉलात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये संध्याकाळी भरणारा कराटे किंवा ज्यूदोचा क्लास. मी वयाच्या ३१ व्या वर्षी लातूरला तालमीत उतरलो. आठ महिन्यांनी बदली झाली, तेव्हा संभाजीनगरात कराटे धरलं आणि पुढे वर्षभर ज्यूदो केला. कुठे जाऊ, असं कुणी विचारलं की मी आधी त्यालाच विचारतो, दुसऱ्या दिवशी अंग किती आंबलेलं चालेल तुम्हाला? माझ्या पाहण्यात नवखी माणसं सोडून गेली ती पहिल्या तीन आठवड्यांत, आणि बहुतेक याच दुखण्यापायी.

दुखणं ओळखायला आपली भाषा पुरेशी आहे. अंग आंबतं ते दोन्ही मांड्यांत, दोन्ही खांद्यांत सारखंच, आणि जरा हिंडलं-फिरलं की सैल पडतं. व्यायामानंतर २४ ते ७२ तासांत ते सगळ्यात जास्त जाणवतं, म्हणून पहिल्या दिवसापेक्षा तिसरा दिवस वाईट जाऊ शकतो. स्नायू लांबत असतानाच त्याला भार पेलावा लागला, जसं बैठकेत खाली जाताना किंवा जोर मारताना छाती खाली नेताना, की त्याला बारीक इजा होते. हे दुखणं त्याचं. लॅक्टिक ॲसिडला उगाच दोष देतात. ते तासाभरात निघून जातं. लचक, मुरगळणं, उसण भरणं ही वेगळी जात. तिथे कळ एकाच जागी, एकाच बाजूला, बऱ्याचदा सांध्यापाशी येते, कधी सूजही चढते. आंबलेल्या अंगाने हळूहळू मेहनत करता येते. लचकलेल्या अंगाने करू नये.

पहिला महिना कुठे कसा जातो

तालमीत जोर, बैठका, सपाटे, दोर आणि फावड्याने हौदा, म्हणजे कुस्तीची माती, खणणं. मांड्या, कंबर, मान, मनगटाच्या वरचा भाग, सगळं एकदम कामाला लागतं. मी पहिल्या दिवशी पोरांच्या बरोबरीने १२० बैठका मारल्या, कुणी थांबवलं नाही. तिसऱ्या दिवशी ऑफिसचा जिना कठडा धरून एकेक पायरी उतरलो आणि दहा दिवस तालमीकडे फिरकलो नाही. चूक बैठकांची नव्हती, आकड्याची होती. मराठवाड्याची कुस्ती मोठी आहे. पहिली महाराष्ट्र केसरी १९६१ साली औरंगाबादलाच भरली, लातूरने हरिश्चंद्र बिराजदारांसारखा रुस्तुम-ए-हिंद दिला, आणि बीडच्या पाटोद्याच्या राहुल आवारेंनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण जिंकलं. पण तालमीतले आकडे पोरवयापासून मातीत घडलेल्या अंगांसाठी असतात. खुर्चीतून उठून आलेल्याने ते पहिल्याच दिवशी अंगावर घेऊ नयेत.

दहा दिवसांनी परत गेलो तेव्हा दुसऱ्या एका वयस्कर वस्तादांनी सांगितलं, "दहा मारा अन् घरी जा. उद्या या, पुन्हा दहा." मला ते तेव्हा फार थोडं वाटलं. खरं तर स्नायूला एकदा हलका धक्का बसला की तोच व्यायाम पुढच्या वेळी कमी दुखवतो, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. ते मिळवायला शंभर बैठका लागत नाहीत, दहा-वीस पुरतात.

कराटेत अंग कमी आंबतं. खालच्या पवित्र्यात उभं राहून मांडीचा पुढचा भाग आणि जांघ भरून येते, एवढंच. मात्र हवेत झटक्याने ठोसे-लाथा मारताना कोपर आणि गुडघा पूर्ण ताठ केला तर सांधे कुरकुरायला लागतात. ती तक्रार आंबल्यासारखी चार दिवसांत जात नाही. आणखी एक, कराटेच्या बऱ्याच क्लासांत तास काता (एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचालींची मालिका) आणि ओळीतल्या सरावात जातो, दम फारसा लागत नाही. कराटे निवडलं तर आठवड्यातून दोन दिवस वेगळं धावा, बोलता येईल इतक्याच वेगाने. संभाजीनगरला मी गोगाबाबा टेकडीची चढण धरायचो.

ज्यूदो या दोघांच्या मधला. सुरुवातीचे आठवडे मुख्यतः पडायला शिकवतात. डोकं मॅटवर आपटू नये म्हणून हनुवटी छातीशी धरायची असते, त्याने मानेचा पुढचा भाग असा दुखतो की उशीवरून डोकं उचलायला हाताचा आधार लागतो. हे आठवडाभरात ओसरतं. पडायला शिकणं पुढे आयुष्यभर उपयोगी पडतं, म्हणून मला हा सौदा सगळ्यात चांगला वाटला. पण चांगली मॅट नसेल तर त्या क्लासला जाऊ नका. पातळ सतरंजीवर पाडणाऱ्या जागेवरून मी पहिल्याच दिवशी परत आलो होतो.

आंबलेल्या अंगाला काय करावं

पडून राहण्यापेक्षा वीस मिनिटं चाला, सावकाश अंग मोकळं करा. मेहनतीच्या आधी-नंतर स्नायू ताणण्याने (स्ट्रेचिंगने) दुखणं जवळजवळ कमी होत नाही. तेलाच्या मालिशने थोडं होतं, तालमीत एकमेकांचं अंग रगडतात ते फुकट नाही. बर्फाच्या पाण्यात बसण्याचे व्हिडिओ पाहून टाकी भरू नका. बरं वाटतं, पण ताकद वाढवायची असताना रोज तसं केलं तर स्नायूची वाढ मंदावू शकते. शिवाय २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेलं आमच्या लातूरने पाहिलंय, इथे ते पाणी वाया घालवू नये.

पोटाचं म्हणाल तर ६५ किलोच्या माणसाला दिवसाला ८० ते १०० ग्रॅम प्रथिनं भरपूर झाली. पैलवानी खुराक लागत नाही. १०० ग्रॅम शेंगदाण्यात साधारण २५ ग्रॅम, एका अंड्यात ६. भाकरी, डाळ, भिजवलेले हरभरे, दूध, अंडी यांत हिशोब बसतो. झोप मात्र कमी पडू देऊ नका.

उन्हाळ्याचं वेगळं सांगतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो आणि संध्याकाळी सहालाही पत्रा तापलेला असतो. अंगाला उकाड्याची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, तोवर मेहनत निम्मी ठेवा, किंवा पहाटेची तालीम धरा. अति मेहनतीनंतर मांड्या टणक सुजल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. स्नायू फुटून मूत्रपिंडावर आलेलं असू शकतं. अशा वेळी, किंवा पाणी कमी पडलेलं असताना, दुखणं मारायची गोळीही घेऊ नका.

पहाटे उठता येत असेल, सकाळच्या मेहनतीनंतर दिवसभर शेतात किंवा ओझी उचलायला जायचं नसेल आणि पैसे कमी असतील तर तालीम. ताकद आणि दम इतक्या लवकर दुसरीकडे येत नाही. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर कराटेच्या लाथा आणि तालमीच्या बैठका, दोन्हींच्या आधी डॉक्टरांना विचारा. शाळकरी लेकरांसोबत जायचं असेल तर क्लास सोयीचा, आणि चांगली मॅट सापडली तर माझं मत ज्यूदोला. दोन्हीकडे जाऊन अर्धा तास नुसतं बसा आणि शिकवणाऱ्याला एकच विचारा, "नव्या माणसाला पहिल्या दिवशी किती बैठका लावता?" आकडा सांगण्याआधी त्यांनी तुमचं वय आणि काम विचारलं, तर तिथेच नाव घाला.