जुन्या डेस्कटॉपची रॅम: जोडीला एक घ्यावी की दोन्ही बदलाव्यात?

गोव्यात साखळीला आत्याकडे एच६१ मदरबोर्डाचा (म्हणजे मुख्य सर्किट बोर्डाचा) डेस्कटॉप आहे. तिच्या शिकवणीच्या प्रश्नपत्रिका त्यावरच टाइप होतात. रॅमची २ जीबीची डीडीआर३ (रॅमचा एक प्रकार) स्टिक कमी पडू लागली म्हणून ऐन पावसाळ्यात जोडीला ४ जीबीची आणली. लावली, आणि स्क्रीन काळी. पंखा फिरतोय, बीप थांबत नाही. नवी स्टिक परत करायला निघालोच होतो. पण दोष तिचा नव्हताच. इतकी वर्षं रिकाम्या राहिलेल्या दुसऱ्या स्लॉटमध्ये, म्हणजे रॅम बसवायच्या जागेत, धूळ आणि आपल्याकडची दमट हवा मिळून मळ बसला होता.

म्हणून काय घ्यायचं हे ठरवण्याआधी तपासणी करा. प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. स्टिकचे सोनेरी संपर्क मऊ खोडरबराने हलके घासा, कण पुसा, स्लॉट कोरड्या ब्रशने झाडा. मग एकावेळी एकच स्टिक, आलटून पालटून प्रत्येक स्लॉटमध्ये. एकाच स्लॉटमध्ये अडत असेल तर स्लॉट बघा. दोन्हीकडे अडली तर स्टिक खराब, नाहीतर बोर्डाला न चालणारी.

जुनीच्या जोडीला नवी लावणं स्वस्त पडतं. १०६६ आणि १३३३ अशा वेगवेगळ्या वेगाच्या स्टिक एकत्र लावल्या तर दोन्ही १०६६ नेच धावतात, पण रोजच्या टायपिंगला ते जाणवत नाही. खरी अडचण वेगळी आहे. एकेकटी नीट चालणारी स्टिक जोडीत गेली की मध्येच निळी स्क्रीन येऊ शकते. दोन्ही लावून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा. एकही चूक निघाली तर त्या जोडीवर काम ठेवू नका, फाइली बिघडतात.

४+४ ची एकसारखी जोडी महाग, पण मला तीच पटते. रॅम आणि प्रोसेसरमधले दोन्ही चॅनल, म्हणजे माहिती जायचे मार्ग, पूर्ण वापरले जातात, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर त्याचा उपयोग होतो, कारण तिथे ग्राफिक्सही याच रॅमवर चालतं. पुढे १६ जीबीपर्यंत जायचं असेल तर मात्र एकच ८ ची घेऊन स्लॉट मोकळा ठेवा.

बोर्ड एच६१ ऐवजी त्याहून जुना जी४१ असेल तर जपून. तिथे मर्यादा ८ जीबीची, आणि ४ जीबीची डीडीआर३ स्टिक दोन्ही बाजू मिळून १६ चिपांची बघून घ्या. ८ चिपांची सहसा चालत नाही. डीडीआर२ आणि डीडीआर३, दोन्हींना २४० पिना, पण खाच वेगळ्या जागी. बसत नसेल तर जोर लावू नका. ८ जीबी लावूनही विंडोज सव्वातीन जीबीच्या आसपासच वापरत असेल, तर ते बहुतेक ३२ बिटचं, म्हणजे त्याहून जास्त रॅम वापरू न शकणारं, आहे.

४ जीबी आधीच असेल आणि डिस्क अजून फिरती असेल, तर मी पैसे आधी एसएसडीवर (न फिरणाऱ्या, वेगवान डिस्कवर) घालीन.

आत्याकडे २+४ वर मेमटेस्टने चुका दाखवल्या. ४ जीबीची तीच स्टिक एकटी ठेवून पाहिली, तेव्हा एकही नाही. मग तशीच आणखी एक आणली. २ जीबीची स्टिक कपाटात ठेवली आहे. स्क्रीन पुन्हा काळी झालीच, तर तपासायला ती हाताशी हवी.