थेट शेतातून भाजी: बऱ्याच महिन्यांनंतरचा अनुभव

आधी निकालच सांगून टाकते, थेट शेतातून भाजी घेण्यात अर्थ आहे पण सगळ्याच भाज्यांसाठी नाही. मका, मटार, पालेभाज्या, टोमॅटो डोळे झाकून घ्या. कांदे बटाटे कुठूनही आणा, मला तरी काही फरक कळला नाही, ते तसेही साठवूनच खायचे असतात.

मक्याचं तर काय सांगू. कणीस तोडलं की त्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, गरम हवेत तर फारच भराभर, त्यामुळे सकाळी तोडलेलं कणीस त्याच दिवशी सोलून दाण्याला नख लावलं की दूध टचकन उडतं आणि कच्चंच खात सुटतो आपण, तेच दोनतीन दिवस बाहेर राहिलं की पिठूळ. मटारचंही सेम. टोमॅटोचं कारण वेगळंय, लांब पाठवायचा असला की तो हिरवट असतानाच तोडतात नाहीतर वाटेतच लगदा होईल, आणि वाणही टिकाऊ बघूनच लावतात. जवळच विकणाऱ्याला ती घाई नसते, तो झाडावर रंग चढू देतो. फक्त आणल्या आणल्या फ्रीजमध्ये कोंबू नका प्लीज, 12-13 डिग्रीच्या खाली बरेच दिवस राहिला की वास आणि चव दोन्ही गेलं.

आता वैताग. सीझनल म्हणजे एकाच भाजीचा मारा, हे कोणी आधी नीट सांगत नाही! काकडीचा बहर आला की काकडीच काकडी, शेजाऱ्यांना वाटून पण संपत नाही. मधे कडक ऊन पडलं आणि पाणी कमी पडलं तेव्हा त्याच काकड्या कडू निघाल्या, मग जोराचा पाऊस झाला तर टोमॅटो तडकलेले. मी ज्यांच्याकडून घेते त्यांनी पैसे सीझनच्या सुरुवातीलाच घेतलेत आणि त्या बदल्यात जे पिकेल त्यातला वाटा देतात, म्हणजे पीक गेलं तर थोडा तोटा माझाही. त्यांच्या बाजूने बघितलं तर बरोबरच आहे, पण ज्यांना ठरलेल्या पैशात ठरलेली भाजी हवी त्यांनी या फंदात पडू नये, लागेल तशी सुटी भाजी घ्यावी.

शिवाय निवडणं! सगळं मातीसकट येतं. पालेभाजी धुऊन ठेवली तर सडते, म्हणून निवडून कोरडीच कापडात गुंडाळायची, धुवायची करताना. गाजर मुळ्याचा पाला लगेच कापायचा, नाहीतर तो खालचं पाणी ओढून घेतो आणि गाजर लुळं पडतं. केळी सफरचंदं पाल्याजवळ नकोत, त्यातून निघणाऱ्या इथिलीन गॅसने पानं पिवळी पडतात. ज्यांच्या घरी हे करायला कोणाला वेळ नाही त्यांची भाजी फुकट जाणार.

आणि हो, थेट शेतातून म्हणजे ऑरगॅनिक असा खूप जणांचा समज असतो, तसं काही नाही. फवारणी कशाची केली आणि त्यानंतर किती दिवसांनी तोडणी केली हे सरळ विचारा, दर औषधाला किती दिवस थांबायचं ते लेबलवर लिहिलेलं असतं. आमचे शेतकरी न चिडता सांगतात, एवढ्यासाठीच मी टिकलेय खरंतर. स्वस्त पडतं म्हणाल तर काही नाही, भर सीझनला बाजारातच कमी भाव असतो.

पुढच्या सीझनला अर्धाच वाटा घेणारे, आणि कांदे बटाटे नकोत हे आत्ताच सांगून ठेवलंय. काकड्यांचं काही ते ऐकणार नाहीत.