खेड्यातून टेस्टिंग करणाऱ्यांसाठी राउटरचा छोटा यूपीएस: कोणता घ्यावा आणि घेतल्यावर कसा तपासावा

विदर्भातल्या खेड्यात बसून सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करताना दोन तास लाइन गेली तर फारसं बिघडत नाही. लाइन येणार नाही हे एकदा कळलं की टेस्ट केस लिहिता येतात, जुन्या बगचे स्क्रीनशॉट लावता येतात. खरं नुकसान करतो तो दोन सेकंदांचा झटका. डीपीवर एक फेज उडाला, वायरमननं खटका पाडून परत चढवला, किंवा रब्बीत ओलिताच्या मोटरा एकदम सुरू होऊन व्होल्टेज बसलं, की लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो, पण फायबरचा डबा, म्हणजे घरातला राउटर, बंद होऊन नव्यानं सुरू होतो. तो उठणार, ऑपरेटरकडे त्याची नोंद होणार, मग वायफाय येणार. यात सहज दोन-तीन मिनिटं जातात.

या दोन-तीन मिनिटांत काय काय तुटतं ते टेस्टरला नीट माहीत असतं. ॲपियम या फोनवरची ॲप आपोआप तपासणाऱ्या साधनाच्या सेशनला पुढची कमांड आली नाही तर ते मुळातल्या सेटिंगप्रमाणे ६० सेकंदांत बंद होतं. ब्राउझरस्टॅकवरचं, म्हणजे भाड्यानं फोन आणि ब्राउझर देणाऱ्या सेवेवरचं, ऑटोमेशन सेशन ९० सेकंद वाट पाहून सोडून देतं. म्हणजे राउटर उठायच्या आधीच सेशन गेलेलं असतं. अर्ध्यावर आलेला रिग्रेशन रन (जुन्या सगळ्या टेस्टची फेरतपासणी) लाल होतो, म्हणजे नापास दिसतो, आणि त्यातलं कोणतं अपयश ॲपचं, कोणतं लाइनचं, हे शोधण्यात पुढचा वेळ जातो. त्याहून वाईट म्हणजे ‘पेमेंटनंतर स्क्रीन अडकली’ असा बग नोंदवावा आणि डेव्हलपरकडे तो कधीच दिसू नये. असं दोन-तीनदा झालं की तुमच्या बगवरचा त्यांचा विश्वास कमी होतो. ज्या तराजूनं मोजायचं त्याचाच काटा हलत असेल तर मापाला अर्थ नाही. म्हणून लांबून टेस्टिंग करणाऱ्यानं पैसे आधी कुठे घालावेत, तर जास्त स्पीडच्या प्लॅनवर नव्हे, लाइन गेली तरी राउटर बॅटरीवर चालू ठेवणाऱ्या छोट्या यूपीएसवर, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा यूपीएसचा डबा म्हणजे लिथियम सेल, चार्जिंगचं सर्किट आणि १२ व्होल्ट डीसी देणारी पिन. रेझोनेट, ओकटर, क्युझर अशा नावांनी तो मिळतो, बिननावाचे तर असंख्य आहेत. पण घेताना नावाआधी लेबल वाचा, कारण निम्मे लोक इथेच फसतात.

पहिली गोष्ट म्हणजे एमएएचचा, बॅटरीच्या क्षमतेचा, आकडा. डब्यावर ‘६००० एमएएच’ लिहिलेलं असतं. लोक त्याला १२ व्होल्टनं गुणून ७२ वॉट-तास धरतात आणि नऊ तास बॅकअपची आशा लावून बसतात. हा आकडा बहुतेक वेळा २००० एमएएचच्या तीन सेलची बेरीज असतो, आणि प्रत्येक सेल ३.७ व्होल्टचा. म्हणजे खरी साठवण २२ वॉट-तास. त्यातला पंधराएक टक्के भाग व्होल्टेज बदलताना जातो, उरतात १९ च्या आसपास. दोन्ही बँडचं वायफाय चालू असलेला फायबरचा डबा साधारण ८ वॉट घेतो. हिशेब आला सव्वादोन तासांचा, आणि तोही सेल नवे असताना. लेबलवर वॉट-तास छापले असतील तर तोच आकडा धरा. ते छापलेच नसतील तर तो डबा खाली ठेवा.

दुसरी गोष्ट व्होल्टेज आणि पिन. आपल्या राउटरच्या अडॅप्टरवर काय छापलंय ते बघा. १२ व्होल्ट १ अँपिअर, दीड किंवा २ अँपिअर असेल तर १२ व्होल्ट २ अँपिअरचा यूपीएस चालतो. काही छोटे राउटर ९ किंवा ५ व्होल्टवर चालतात, त्यांना १२ व्होल्ट दिलं तर ते जळतात. मधली पिन धन आहे ना, हे अडॅप्टरवरच्या गोल चिन्हावरून पाहा. पिनचा बाहेरचा व्यास बहुधा ५.५ मिलिमीटर असतो, पण आतलं भोक २.१ किंवा २.५ असू शकतं. २.१ च्या सॉकेटमध्ये २.५ ची पिन बसते, पण ढिली. मांजरानं वायरीला धक्का दिला तरी राउटर बंद पडतो आणि दोष यूपीएसच्या माथी जातो. फायबरचा डबा आणि वायफाय राउटर वेगवेगळे असतील तर दोन तोंडांची वायर लागेल. दोघांचे अँपिअर मिळून २ च्या आत राहायला हवेत.

तिसरी गोष्ट दुकानदार सांगत नाही. काही यूपीएस थेट बोर्डात लागतात, तर काही तुमच्या राउटरच्याच अडॅप्टरवर चार्ज होतात. दुसऱ्या प्रकारात तो अडॅप्टर राउटरही चालवतो आणि सेलही भरतो. राउटरला पाऊण अँपिअर, चार्जिंगला अर्धा अँपिअर, आणि अडॅप्टर आहे १ अँपिअरचा. लाइन आल्या आल्या सेल रिकामे असताना त्याच्यावर सगळा भार येतो, व्होल्टेज खाली बसतं आणि राउटर नेमका लाइन परत आल्यावर रिस्टार्ट होतो. लाइन जाताना काही झालं नाही पण येताना बंद पडलं, अशी तक्रार असेल तर नव्वद टक्के हेच कारण. १२ व्होल्ट २ किंवा ३ अँपिअरचा चांगला अडॅप्टर लावला की सुटतं.

घरी आणल्यावर त्याची टेस्टिंग करा, आपला धंदाच तो आहे. आधी पूर्ण चार्ज करा. मग लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला, म्हणजे बहुतेक घरी १९२.१६८.१.१ ला, सतत पिंग लावा (समोरचं मशीन उत्तर देतं का, हे पाहणारी कमांड). दुसरीत बाहेरच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या, ८.८.८.८ ला. आता बोर्डाचं बटण बंद करा. दोन्हीकडे एकही पिंग चुकता कामा नये. तेवढ्यावर थांबू नका. बटण बंद-चालू असं पाच-सहा वेळा करा, कधी एका सेकंदाच्या अंतरानं, कधी दहा सेकंदांच्या. खेड्यातली लाइन एका झटक्यात जात नाही, ती तीनदा फडफडते, आणि स्वस्त डबे या फडफडीतच हरतात. त्यानंतर लाइन बंद ठेवूनच एखादी दोनशे एमबीची एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) किंवा स्क्रीन रेकॉर्डिंग अपलोड करा. सगळ्यात हलक्या डब्यांमध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किटच नसतं, तीन सेलचं व्होल्टेज जसंच्या तसं बाहेर येतं: भरलेले असताना १२.६, रिकामे होत आले की ९ पर्यंत. नुसतं मेल वाचताना हे कळत नाही. वायफाय जोरात चालू लागलं, राउटरनं जास्त करंट ओढला, की बॅटरी अर्धी शिल्लक असतानाही तो मध्येच बंद होतो. मल्टिमीटर असेल तर राउटर चालू ठेवून पिनवरचं व्होल्टेज दर वीस मिनिटांनी लिहा. चांगला डबा शेवटपर्यंत १२ च्या आसपास राहतो आणि मग एकदम बंद होतो. आकडा हळूहळू उतरत असेल तर परत करा.

ही दोन खिडक्यांची पिंग कायमची लावून ठेवावी असं मी सुचवेन, वेळेच्या नोंदीसह. लिनक्सवर पिंगला मोठा डी जोडला की प्रत्येक ओळीवर वेळ येते. रन पडला की नोंद बघायची. राउटरची पिंगही तुटली असेल तर दोष घरातला. राउटर उत्तर देतोय पण बाहेरची तुटली असेल तर ऑपरेटरकडचा. दोन्ही सुरळीत असतील तर दोष तुमच्या लाइनचा नाही, बग बिनधास्त नोंदवा.

इथेच या यूपीएसची मर्यादाही समजून घ्यायला हवी. तो फक्त तुमच्या घरचा राउटर जिवंत ठेवतो. गावातला फायबर ज्या मशीनमधून निघतो त्याला ऑपरेटरकडे वीज लागते. तिथली बॅटरी थकली असेल तर सगळ्या गावाचं नेट लाइनसोबत जातं आणि तुमचा राउटर नुसता चालू राहतो. घेण्याआधी ऑपरेटरच्या पोराला एवढंच विचारा: लाइन गेल्यावर तुमच्याकडचं किती वेळ चालतं? उत्तर अर्धा तास असेल तर चार तासांच्या यूपीएसवर जास्तीचे पैसे घालू नका. राउटरवर ‘लॉस’चा लाल दिवा लागला तर फायबरमधून प्रकाशच येत नाही: ऑपरेटरचं मशीन बंद आहे, किंवा वायर तुटली वा वाकली. राउटरच्या सेटिंगच्या पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे येणाऱ्या प्रकाशाची ताकद, दिसते. ती उणे १५ ते उणे २५ डीबीएममध्ये असावी. उणे २७ च्या पलीकडे गेली की जोडणी मध्ये मध्ये सुटते, तिथे कोणताही यूपीएस कामाचा नाही, जॉइंट नव्यानं मारायला सांगा.

ऑपरेटरचं नेट गेलं तर पर्याय फोनचा. वायफाय हॉटस्पॉटऐवजी यूएसबी टेदरिंग वापरा, फोन चार्ज होत राहतो आणि जोडणी जास्त टिकते. आयपी पत्ता बदलणार, म्हणून व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कची सुरक्षित जोडणी) पुन्हा जोडावं लागेल, आणि टेस्ट सर्व्हर ठरावीक पत्त्यांनाच आत घेत असेल तर व्हीपीएनशिवाय दार उघडणार नाही. ब्राउझरस्टॅकसारख्या डिव्हाइस क्लाउडवरचं लाइव्ह सेशन म्हणजे सतत चालणारा व्हिडिओ, दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा त्यात भुर्रकन जातो. लांबलचक ऑटोमेशन तर लॅपटॉपवरून चालवूच नये. जेनकिन्ससारख्या सीआय सर्व्हरवर, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणाऱ्या दूरच्या मशीनवर, लावून द्यावं, तुमची लाइन गेली तरी ते तिकडे चालत राहतं. हातातला टेस्ट फोन एडीबीसाठी (लॅपटॉपवरून अँड्रॉइड फोनला कमांड देणारं साधन) वायरनं जोडा. अँड्रॉइड ११ पासूनच्या वायरलेस डिबगिंगमध्ये पोर्ट दर वेळी बदलतो, राउटर एकदा बसला की पुन्हा जोडणीचा उपद्व्याप.

आता उन्हाळा. लिथियम सेल ४५ अंशांपर्यंतच चार्ज करावेत असं ते बनवणारेच सांगतात, आणि चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा या पट्ट्यात मे महिन्यात हवाच तेवढी तापते. टिनाच्या छताखालच्या फळीवर राउटरच्या बुडाशी ठेवलेला डबा त्याहून कितीतरी गरम असतो. दोन गोष्टी होतात. चांगल्या डब्याचं संरक्षण सर्किट चार्जिंग थांबवतं, त्यामुळे ‘चार्जच होत नाही’ असं वाटतं. हलक्या डब्यात ते सर्किट नसतं, सेल फुगतात आणि दोन उन्हाळ्यांत बॅकअप निम्म्यावर येतो. डबा मातीच्या भिंतीच्या खोलीत, जमिनीपासून हात-दीड हातावर, राउटरपासून वीतभर दूर ठेवा. पश्चिमेच्या भिंतीवर नको. कूलर असलेल्या खोलीत ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या ओल्या झोतासमोर नको. सेल फुगलेला दिसला, डब्याचं झाकण वर आलं, तर त्याच दिवशी काढा. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल बसवून देणारे कारागीर तालुक्याला मिळतात, ते टाळाच.

पावसाळ्यात या डब्याचा एक उपयोग असा आहे जो जाहिरातीत नसतो. मृगाच्या सुमारास वीज कडाडायला लागली की यूपीएसची बोर्डातली पिन काढून टाकायची, लॅपटॉपचा चार्जर काढायचा आणि काम चालू ठेवायचं. खेड्यात बऱ्याच घरांना धड अर्थिंग नसतं, त्यामुळे सर्ज प्रोटेक्टरच्या पट्टीचा फारसा आधार नाही. घरात येणाऱ्या फायबरच्या वायरीत पुष्कळदा पोलादी तार असते, ती भिंतीबाहेरच हुकाला अडकवून कापलेली असावी, आत फक्त फायबर यावा.

घरी इन्व्हर्टर असेल तर हा डबा कशाला, असा प्रश्न येतो. साध्या मोडवर इन्व्हर्टरला लाइनवरून बॅटरीवर जायला ४० मिलिसेकंदांपर्यंत लागू शकतात, तेवढ्यात काही राउटर बसतात. यूपीएस मोडवर हा वेळ दहाएक मिलिसेकंदांवर येतो, पण मग व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर जातो. ओलिताच्या दिवसांत संध्याकाळभर १६० व्होल्ट असेल, तर लाइन असूनही बॅटरी संपते. गावठाणचा फीडर शेतीपासून वेगळा झाला असेल तिथे हा त्रास कमी. म्हणून इन्व्हर्टर साध्या मोडवर ठेवा आणि राउटर छोट्या यूपीएसमार्फत जोडा, दोघं मिळून उत्तम चालतात. मात्र ट्रॅक्टरच्या किंवा इन्व्हर्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीला राउटर थेट जोडू नका, चार्जिंगवर असताना तिथे १४ व्होल्टच्या पुढे आकडा जातो.

खरेदीचं म्हणाल तर नागपूरला सीताबर्डीत किंवा ऑनलाइन, १२ व्होल्ट २ अँपिअरचा बरा डबा साधारण दीड-दोन हजारांत येतो. पाचशे-सातशेवाल्यांच्या वाटेला जाऊ नका. दुकानातून घेणार असाल तर राउटरचा अडॅप्टर सोबत न्या, पिन तिथेच बसवून बघा, बिलावर वॉरंटीची तारीख लिहून घ्या. ऑनलाइन घेतलात तर परत करण्याची मुदत संपायच्या आत वरची सगळी तपासणी, फडफडीसकट, उरकून टाका. नंतर वर्षातून दोनदा, होळीच्या आधी आणि पोळ्यानंतर, एकदा लाइन बंद करून बॅकअप किती मिनिटं टिकतो ते पाहा. नवा असतानाच्या निम्म्यावर आला की डबा बदला. त्या काळात हाती रिलीज असेल तर आठवडाभर आधीच बदला.