सॅटिनच्या अजगरासोबत आठ महिने: उष्णतेशिवाय केस कुरळे करण्याचा अनुभव

माझे केस खांद्याखाली साधारण वीतभर येतात. ते जात्याच सरळ आणि बारीक असल्यामुळे त्यांना कितीही वळण दिले तरी दुपारपर्यंत ते मूळ पदावर येतात. म्हणून तीन वर्षे मी विजेची कर्लिंग रॉड वापरत होते, तीही २०० अंशांवर ठेवून, कारण त्याहून कमी तापमानाला माझे केस दाद देत नाहीत अशी माझी ठाम समजूत होती. गेल्या जुलैत केस कापायला गेले तेव्हा पार्लरमधल्या ताईंनी माझीच एक बट बोटांत धरून उजेडासमोर नेली. बहुतेक टोके दुतोंडी झाली होती आणि काही केसांवर मधेच पांढरे ठिपके दिसत होते. त्या ठिपक्यापाशी जरा ताण दिला की केस तिथेच तुटत होता. चार बोटे केस कापावे लागले, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी उष्णतेशिवाय केस कुरळे करणारा कर्लर मागवला. आता एप्रिल सुरू आहे. सुरुवातीला आठवड्यातून तीनदा आणि अलीकडे एकदा-दोनदा, असा त्याचा वापर झालेला आहे.

वस्तू अगदी साधी आहे. जवळजवळ एक मीटर लांबीची, अंगठ्याहून थोडी जाड, आत स्पंजासारखे भरण आणि वर गुळगुळीत आवरण असलेली ही मऊ दांडी. सोबत दोन स्क्रंची आणि एक क्लचर. किंमत २९९ रुपये. पाकिटावर ‘सिल्क’ असे ठसठशीत छापलेले होते, पण या किमतीत रेशीम मिळत नसते. सॅटिन हे विणीचे नाव आहे, धाग्याचे नव्हे, आणि हे आवरण सरळ सरळ पॉलिएस्टरच्या सॅटिनचे होते. केसांच्या दृष्टीने त्याने फारसे बिघडत नाही, कारण कापड घसरते असावे एवढीच अपेक्षा आहे. पहिल्या रात्री ती दांडी डोक्यावर बांधून मी बाहेर आले तेव्हा मुलीने तिचे नाव ‘अजगर’ ठेवले आणि घरात आता तेच रूढ झाले आहे.

बांधण्याची पद्धत सागरवेणी घालता येणाऱ्या कोणालाही एका दिवसात जमेल. मधोमध भांग पाडून दांडी डोक्यावर आडवी ठेवायची, ती सरकू नये म्हणून टाळूवर क्लचर लावायचा, आणि कपाळाजवळची पहिली बट चेहऱ्यापासून उलट्या दिशेने दांडीभोवती गुंडाळायची. पुढच्या प्रत्येक वेढ्यात सागरवेणीप्रमाणेच खालचे थोडे थोडे केस मिसळत जायचे. कानाखाली आल्यावर उरलेले केस एकसारख्या वेढ्यांनी टोकापर्यंत न्यायचे आणि स्क्रंची लावायची. सगळ्यांत जास्त चुका होतात त्या टोकाशी. तिथे वेढा सैल राहिला किंवा केस दुमडले गेले, तर वरचा भाग सुंदर लाटांचा आणि खालचे चार केस मासे धरायच्या गळासारखे वळलेले, असा प्रकार होतो. मी टोके आधी बोटांनी सपाट करून, किंचित ओली करून, मगच शेवटचा वेढा देते. दोन्ही बाजूंना मिळून आता मला सात-आठ मिनिटे लागतात. पहिल्या आठवड्यात पंचवीस लागत होती.

पहिला प्रयोग मात्र पुरता फसला. रात्री केस धुतले, टॉवेलने टिपले आणि तसेच गुंडाळून झोपले. सकाळी सहाला सोडून पाहिले तर आतले वेढे अजून ओले होते आणि केसांना पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांसारखा कुबट वास येत होता. तशाच अवस्थेत डोंबिवलीहून लोकल पकडली. डब्यात खिडकीशी बसले होते. ठाणे येईपर्यंत डावी बाजू पूर्ण सरळ झालेली होती आणि उजवीकडे मात्र दोन वळ्या टिकून होत्या. कचेरीत दिवसभर आंबाडा घालून बसावे लागले. त्या रात्री दोष वस्तूचा की माझा याचा विचार करताना लक्षात आले की आपण या प्रकाराचे मूळच समजून घेतलेले नाही.

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्या प्रथिनाच्या साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे जे अनेक बंध असतात, त्यांतील हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि केस वाळताना, तो ज्या आकारात असेल त्याच आकारात, पुन्हा जुळतात. सुती कपड्यावर पाणी शिंपडून इस्त्री फिरवली की घडी का बसते, त्याचे कारणही बरेचसे असेच आहे. विजेची रॉड उष्णतेने हे काम काही सेकंदांत उरकते आणि त्याची किंमत केसाकडून वसूल करते. दांडी तेच काम पाणी आणि वेळ यांच्या बळावर सावकाश करते. म्हणजे केस वळवणारा कर्लर नव्हे, केस वाळणे हीच खरी क्रिया आहे, आणि वाळणे पूर्ण होण्याआधी सोडलेला केस कोणत्याही आकाराशी बांधील राहत नाही. हेही ओघाने येते की पाण्याने बसवलेला आकार पाणीच मोडते. पार्लरमध्ये रसायनाने केलेले पर्मिंग टिकते, कारण त्यात गंधकाचे बंध तोडून नव्याने जोडलेले असतात. इथे त्यांना हातही लागत नाही.

त्यानंतर मी क्रम बदलला. आता केस सकाळी किंवा आदल्या दिवशी धुते, ते पूर्ण वाळू देते आणि रात्री गुंडाळण्याआधी फवाऱ्याच्या बाटलीने प्रत्येक बाजूला पाच-सहा फवारे मारून हात फिरवते. ओल किती असावी याचे माझे माप असे आहे की केस मुठीत दाबल्यावर तळव्याला गारवा लागला पाहिजे, पण तळवा ओला होता कामा नये. या एका बदलाने जेवढा फरक पडला तेवढा नंतरच्या कोणत्याही युक्तीने पडला नाही. शिवाय ओला केस कोरड्या केसापेक्षा जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, त्यामुळे निथळते केस घट्ट गुंडाळणे तसेही शहाणपणाचे नव्हते.

नुसत्या पाण्याने बसलेली वळणे माझ्या केसांवर चार-पाच तास टिकत. ती वाढवण्यासाठी बाजारातले दोन फोम वापरून पाहिले. एकाने केस चिकट झाले, दुसऱ्याने काहीच झाले नाही. शेवटी उपयोगी पडले ते स्वयंपाकघरातले जवस. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर ढवळत राहिले की आठ-दहा मिनिटांत पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे तार धरू लागते. नेमके तेव्हाच ते उतरवून, गरम असतानाच जुन्या पंचातून गाळावे लागते. एकदा मी ते गार होईपर्यंत थांबले, तर पातेल्यात बियांसह एक लिबलिबीत गोळा शिल्लक राहिला आणि पंचा पिळून पिळून हात भरून आले तरी चमचाभरसुद्धा जेल निघाले नाही. हे जेल फ्रीजमध्ये आठवडाभर राहते, त्यानंतर वास बदलतो. एका बाजूला लहान नाण्याएवढे पुरे. जास्त लावल्यास सकाळी केसांवर पांढरी पापडी दिसते, जी कोंड्यासारखी भासते आणि लोक सहानुभूतीने औषधे सुचवू लागतात.

झोपेविषयी जाहिराती जे सांगतात त्यावर विश्वास ठेवू नये. दांडी मऊ आहे हे खरे, पण कुशीवर झोपणाऱ्याला ती कानामागे जाणवतेच. पहिले दोन आठवडे मी रात्री दोनदा तरी जागी होत असे आणि एका पहाटे अजगर पलंगाखाली सापडला. दांडी टाळूवर न ठेवता किंचित मागे, डोक्याच्या उंच भागावर ठेवली आणि तिची दोन्ही टोके मानेमागे न नेता खांद्यांवरून पुढे सोडली, तेव्हा हा त्रास बराच कमी झाला. ज्यांना उताणे झोपायची सवय आहे त्यांना ही वस्तू मुळीच मानवणार नाही, असे माझे मत आहे.

दुसरा त्रास माझ्या हव्यासाचा होता. वळणे घट्ट यावीत म्हणून मी कपाळाजवळचे वेढे ओढून घेत असे. ऑक्टोबरमध्ये भांगाच्या दोन्ही बाजूंना बारीक तुटलेले केस उभे राहिलेले दिसू लागले. सतत ताण बसल्यास त्या जागचे केस कायमचेही विरळ होऊ शकतात, हे घट्ट वेण्या घालणाऱ्या बायकांच्या कपाळावरून कोणालाही पटेल. तेव्हापासून पहिले दोन वेढे मी मुद्दाम सैल ठेवते आणि सलग दोन रात्री कधीही बांधत नाही.

हवेचा परिणाम किती असतो हे मला डिसेंबरात नागपूरला लग्नासाठी गेले तेव्हा नीट कळले. तीच दांडी, तेच जेल, तेच केस. पण तिथल्या कोरड्या थंडीत सकाळी सोडलेल्या बटा हळदीच्या दिवशी दिवसभर, आणि दुसऱ्या दिवशी लग्न लागेपर्यंतही, ओळखू येण्याइतक्या शाबूत होत्या. डोंबिवलीत जानेवारी-फेब्रुवारीत मला आठ ते नऊ तास मिळतात, मार्चपासून मान घामाने भिजू लागली की मागचे केस आधी सरळ होतात, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तीन तास मिळाले तरी भाग्य मानावे. पावसाळ्यात हा खटाटोप कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी करू नये, असे मी स्पष्ट सांगेन.

वस्तूच्या दर्जाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. गर्द लाल आवरणाचा रंग पहिल्याच ओल्या रात्री उशीच्या अभ्र्याला लागला. दोन महिन्यांत एका टोकाची शिवण उसवली, आणि हाताने धुतल्यावर आतले भरण गोळा होऊन दांडी मधे पोकळ आणि टोकांना फुगलेली झाली. विक्रेत्याकडे विचारणा केली तर परत घेण्याची मुदत संपल्याचे ठरीव उत्तर आले. शेवटी आईने तिच्या जुन्या सॅटिनच्या परकराची पट्टी कापली, जुना टी-शर्ट घट्ट गुंडाळून आत घातला आणि मशीनवर अर्ध्या तासात नवा अजगर शिवून दिला. शिवता शिवता तिने सांगितले की तिच्या लहानपणी तिची मावशी सुती साडीच्या चिंध्यांवर बटा गुंडाळून सणाच्या आदल्या रात्री झोपत असे. हा घरगुती अजगर मूळ दांडीपेक्षा बारीक असल्यामुळे वळणे अधिक लहान आणि टिकाऊ येतात, आणि नोव्हेंबरपासून मी तोच वापरते. मधल्या काळात मोजेही वापरून पाहिले, पण त्यांच्या गाठी टोचतात. दोन वेण्या घालून झोपल्यास लाटा येतात, बटा नाहीत.

केसांची प्रकृती सुधारली का, या प्रश्नाचे उत्तर सावधपणेच द्यावे लागेल. दुभंगलेले टोक पुन्हा सांधत नाही, ते कापावेच लागते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे उष्णता न लागलेला माझा केस आजमितीस मुळापासून जेमतेम आठ-नऊ सेंटिमीटर आहे. तेवढ्या भागात पांढरे ठिपके नाहीत आणि कंगव्यात तुटलेले तुकडे कमी येतात. त्याखालचा केस जुनाच आहे आणि तो जूनमध्ये आणखी दोन बोटे कापून घ्यायचा आहे. विजेची रॉड मी टाकून दिलेली नाही. फेब्रुवारीत एका साखरपुड्याला आयत्या वेळी निघावे लागले तेव्हा ती १५० अंशांवर ठेवून समोरच्या फक्त दोन बटांना लावली, आणि तेवढ्या तापमानालाही त्या वळल्या हे पाहून तीन वर्षे २०० वर भाजलेल्या केसांची मला मनापासून कीव आली.