रॅम बदलताना जुना नग दुकानात सोडू नका

एकूण 8,950 रुपये. रॅमचे दोन नग प्रत्येकी 3,900, ‘बोर्ड सर्व्हिसिंग’ 850 आणि तपासणीचे 300. बोर्ड सर्व्हिसिंग म्हणजे ब्लोअरचा एक झोत.

मशीन हिशेबाच्या ऑफिसातलं. बाराव्या पिढीचा आय5, त्यावर 8 जीबीचे डीडीआर4-3200 चे दोन नग, नावाजलेल्या कंपनीचे, वॉरंटीतले. लक्षणं ठरलेलीच: मधूनच ब्लू स्क्रीन आणि दर वेळी वेगळा एरर, झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (म्हणजे डेटा बिघडल्याची सूचना), टॅलीचा डेटा करप्ट. दुकानदाराने रॅम गेली म्हणून सांगितलं. त्यात खोट काहीच नव्हती, आणि संताप त्याचाच आहे. खरं बोलून विश्वास मिळवायचा आणि मग हात मारायचा.

‘दोन्ही नग गेलेत साहेब.’ मशीन टेबलावर ठेवून जेमतेम पंधरा मिनिटं झाली होती. तिथेच कान टवकारायला हवे होते. रॅम तपासायचा प्रोग्रॅम म्हणजे मेमटेस्ट86, आणि 16 जीबीवर त्याचे चार पास, म्हणजे पूर्ण फेऱ्या, व्हायला काही तास लागतात. पंधरा मिनिटांत एक पाससुद्धा धड होत नाही. शिवाय दोन नग एकदम जाणं विरळाच. असं झालं तर आधी स्लॉट, प्रोसेसरच्या सॉकेटमधल्या पिना किंवा एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायचं सेटिंग) यांच्यावर संशय घ्यायचा. पण जीएसटीआर-3बी या जीएसटी विवरणपत्राची 20 तारीख डोक्यावर होती आणि अशीलांचे फोन थांबत नव्हते. अशा वेळी कोण मेमटेस्ट लावून बसतो?

दुसरं वाक्य त्याहून गोड. ‘जुने राहू द्या इथेच, भंगारात जातील.’ भंगार कसलं! बहुतेक कंपन्या रॅमला दहा वर्षांची किंवा आयुष्यभराची वॉरंटी देतात आणि ती नगावरच्या सिरियल नंबरवर चालते. तो नंबर ज्याच्या हातात, बदली नग त्याचा. नंतर मूळ खोक्यावरचे नंबर सेवा केंद्रात दाखवले, तर दोन्ही नग आधीच बदलून गेलेले. कुणाला दिले ते ‘सांगता येत नाही’. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढलेत की हा उद्योग फारच किफायतशीर झालाय.

आता त्याने बसवलेले नग पाहा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, वेग 2400, 3200 नाही. फोनवर विचारलं तर म्हणे एक्सएमपी चालू करायचं राहिलं. हे उत्तर पाठ केलेलं असतं, कारण काही गेमिंग रॅमच्या बाबतीत ते खरं असतं. म्हणून सीपीयू-झेड या प्रोग्रॅमचा एसपीडी टॅब उघडा, तिथे नगाने स्वतःबद्दल साठवलेली माहिती दिसते. रॅममध्ये एक्सएमपी असेल तर तिथे त्याचा वेगळा रकाना दिसतो. इथे नव्हताच. एका नगाचं उत्पादन 2018 चं, दुसऱ्याचा सिरियल नंबर सगळे शून्य. (याच प्रोग्रॅमच्या मेमरी टॅबमध्ये 3200 ची रॅम 1600 मेगाहर्ट्झ दाखवते, तेवढ्यावरून कुणाशी भांडू नका.) नग काढून उजेडात धरले. लेबल चकचकीत, त्याच्या कडेला जुन्या लेबलचा गोंद, सोनेरी पट्ट्यांवर स्लॉटमध्ये घालून-काढून पडलेले ओरखडे, आणि आठ चिपांवर तारखांचे तीन वेगवेगळे कोड. वेगवेगळ्या मेलेल्या नगांतून उचललेल्या चिपा, दुसरं काय!

खरी तपासणी घरीही होते. वायर काढा, पॉवरचं बटण दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा. नग काढून पट्ट्यांवर पेन्सिलचा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा झटका, जमल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कित्येक ‘मेलेल्या’ रॅम एवढ्यावर उठतात. मग बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी बंद करून एकेक नग एकाच स्लॉटमध्ये, बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या, लावून रात्रभर मेमटेस्ट86 चालवा. एक एरर आला तरी तो नग बाद. ‘एकदोन चालतात’ म्हणणाऱ्याकडून उठा. दोन्ही नग त्या स्लॉटमध्ये नापास झाले आणि दुसऱ्यात पास झाले, तर रॅमला बोल लावू नका.

आता तक्रारीचं. चौकीत पहिला प्रश्न: ‘रॅम म्हणजे मेमरी कार्ड का?’ दुसरा: ‘किती गेले? नऊ हजारसुद्धा नाही?’ मग दिवाणी मामला आहे म्हणून बोळवण. अहो, वॉरंटीतला माल भंगार सांगून काढून घेणं दिवाणी? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं 318 कलम काय शोभेला आहे? 1930 वर फोन केला तर ती ऑनलाइन आर्थिक फसवणुकीची लाइन. 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार नोंदली, नंबर मिळाला, आणि पुढे ‘विक्रेत्याकडून प्रतिसाद नाही’ म्हणून बंद. प्रतिसाद देणारा विक्रेता असता तर फोन कशाला केला असता? आणि जो तो विचारतो, बिल कुठंय? त्याने दिली ती वहीतली चिठ्ठी, शिक्का नाही, दुकानाचं नाव नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, पण बिल नाही म्हणून तक्रार ऐकून घेत नाहीत ते हेच लोक.

मशीन देण्याआधी नगांच्या लेबलांचा फोटो काढा आणि तोच नंबर त्याच्याकडून पावतीवर लिहून घ्या. नवा नग सीलबंद खोक्यातून तुमच्यासमोर निघाला पाहिजे. यूपीआयवर दुकानाऐवजी कुणा माणसाचं नाव आलं तरी पैसे देऊ शकता, फक्त टिपेत ‘रॅम 2 नग’ लिहा, पुढे तोच पुरावा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षं. आमचा अर्ज तिथे गेलाय, खोक्यावरच्या नंबरांचे फोटो जोडून.