टॅपिओका पीठ की कॉर्नफ्लोअर?

दोन्ही पांढरीशुभ्र, दोन्ही निव्वळ स्टार्च. एक कसाव्याच्या कंदाचं, दुसरं मक्याच्या दाण्याचं. पण रस्सा उकळायला लागला की फरक कळतो. कॉर्नफ्लोअरला चांगली उकळी लागते आणि त्याने सॉस धुरकट दिसतो. टॅपिओका त्याआधीच दाटतं, पारदर्शक आणि चकचकीत राहतं. म्हणून फळांच्या सारणाला मी तेच घेते. फक्त फार वेळ उकळू नका, नाहीतर तार सुटते आणि पदार्थ चिकट होतो. कॉर्नफ्लोअर एक चमचा लागत असेल, तिथे टॅपिओका साधारण दोन चमचे घ्यावं. कुठलंही असो, आधी गार पाण्यात कालवायचं, गुठळ्या टाळायच्या.

फ्रीझरमध्ये ठेवायचं असेल तर प्रश्नच नाही, टॅपिओका. कॉर्नफ्लोअरचा सॉस वितळताना पाणी सोडतो. तळणीच्या कुरकुरीत आवरणाला मात्र माझं मत कॉर्नफ्लोअरला.

पोषणात दोघांची झोळी रिकामीच. १०० ग्रॅममागे साधारण ९० ग्रॅम कर्बोदकं, प्रथिनं अर्धा ग्रॅमही नाहीत, तंतू नगण्य. ग्लूटेन दोन्हींत नाही, पण त्यामुळे ‘हेल्दी’ ठरत नाही. मधुमेह असलेल्यांनी दोन्ही बेतानेच वापरावीत.